गच्चीवरची तार आणि दुर्बीण

उत्तरायणाला हरणीत एकही गच्ची रिकामी नसते. १४ आणि १५ जानेवारीला आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे वर, आणि उंधियूचे पातेलेही वरच. वर्षाचे बाकीचे दिवस मात्र तिथे पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे. अशा रिकाम्या गच्चीवर एखाद्या मुलाने हॅम रेडिओसाठी तार बांधतो म्हटले किंवा दुर्बीण लावतो म्हटले, की लगेच सोसायटीची सभा भरते. "तारेवर वीज पडली तर?" "दुर्बिणीतून कुणाच्या खिडकीत बघणार?" हे संवाद आम्ही स्वतः ऐकले आहेत. शेवटी तार उतरते आणि दुर्बीण खोक्यात जाते.

आम्हांला हा एका मुलाच्या हौसेपुरता प्रश्न वाटत नाही. त्यात आपल्या वस्तीच्या सुरक्षिततेचा आणि मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

३१ जुलै २०१९ चा दिवस आठवा. त्या एका दिवसात वडोदऱ्यात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा तर अजून सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. विश्वामित्री काठ सोडून वस्त्यांत शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, कित्येक भागांत वीज गेली. वीज गेल्यावर मोबाईलही फार काळ टिकत नाही. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाला दूध हवे आहे, हे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओरडून सांगावे लागते.

अशा वेळी हॅम काय करू शकतो? त्याला टॉवर लागत नाही. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी, एक संच आणि एक तार एवढ्यावर त्याचे काम चालते. हातातल्या संचावरून काही किलोमीटर बोलता येते. मोठ्या संचाच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून शेकडो, हजारो किलोमीटरवर पोहोचतात. आपल्या गुजरातने हे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात पाहिले आहे. कच्छची टेलिफोन व्यवस्था कोलमडली होती, तेव्हा हॅम मंडळींनी संच लावून निरोप पोहोचवले. १९९३ मध्ये लातूरच्या भूकंपातही हॅम मदतीला होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली त्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम म्हणून पोर्ट ब्लेअरमध्येच होते. जगभरच्या हौशी मंडळींशी गप्पा मारायला गेलेला हा गट त्याच संचावरून बेपत्ता माणसांची चौकशी आणि वाचलेल्यांची खुशाली कळवू लागला.

पण पूर आल्यावर हॅम तयार होत नाही. सरकारी परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो, रोज बोलून हात बसवावा लागतो. परवान्याशिवाय संच चालवणे गुन्हा आहे, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते, हे आपल्यापैकी किती पालकांना ठाऊक आहे?

दुर्बिणीचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सूर्याचा आहे. सूर्यावरचे डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात, आणि त्याप्रमाणे रेडिओलहरींचा पल्लाही बदलतो. मे २०२४ मध्ये मोठे सौरवादळ आले, तेव्हा लडाखमधून आकाशात लाल प्रकाश दिसला आणि हॅमना लहरींचा गोंधळ ऐकू आला. सुरक्षित गाळणी लावून सूर्याचे डाग रोज मोजणारा मुलगा आणि रोज रात्री संच लावणारा मुलगा एकाच गोष्टीची नोंद ठेवत असतात. नोंद ठेवण्याची ही शिस्त शिकवणीच्या वर्गात मिळत नाही.

या बाबतीत मराठी माणसाला परंपरा नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. ती टिळक स्मारक मंदिराच्या वास्तूतून काम करत आली. एका सार्वजनिक वास्तूने हौशी लोकांना जागा दिली, आणि तिथे पिढ्या घडल्या. सक्तीचे शिक्षण आणि कलाभवन देणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या नगरीत आपल्याला एक गच्ची देता येऊ नये?

विरोध करणाऱ्यांचे सगळेच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. विजेची भीती खरी आहे. म्हणून जाणकाराकडून अर्थिंग करून घ्यावे आणि गडगडाट सुरू होताच तार संचापासून सोडवावी. खिडकीची शंकाही खरी आहे. म्हणून दुर्बीण सर्वांसमोर लावावी आणि शंका घेणाऱ्यालाच पहिल्यांदा शनीची कडी दाखवावीत. आमचा अनुभव असा की त्यानंतर तो माणूस पुढच्या वेळी खुर्ची घेऊन येतो.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. महापालिकेने पूरनियोजनात शहरातल्या परवानाधारक हॅमची नावे घ्यावीत आणि वॉर्ड कचेरीत त्यांना एक टेबल, एक बॅटरी व तारेला जागा द्यावी. पथदिव्यांवर झाकणे बसवावीत, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल आणि आकाश मोकळे राहील. सोसायट्यांनी नियम घालून परवानगी द्यावी, नुसता नकार देऊ नये. आणि आपल्या मंडळाने अमावास्येजवळच्या एका शनिवारी सभागृहाची गच्ची उघडावी, परीक्षेचा वर्गही तिथेच घ्यावा.

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. आधी न केलेल्या तयारीची किंमत काय असते, हे हरणीला कोणी शिकवण्याची गरज नाही. मते मागायला जे दारात येतील, त्यांना रस्ता आणि गटाराबरोबर हेही विचारा: पुढच्या पुरात आमचा निरोप कोण पोहोचवणार?