सत्कार आकड्याचा की कामाचा?

वर्षातून एकदा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक बातमी हमखास फिरते. अमुक प्राध्यापक जगातल्या आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत! बातमीखाली ‘माशाअल्लाह’ आणि ‘मुबारक’ची रांग लागते. आठवडाभरात हॉल ठरतो, शाल आणि ट्रॉफी येते.

अशाच एका सत्काराला मी गेलो होतो. सत्कारमूर्ती रोगप्रतिकारशास्त्राचे संशोधक. एकामागून एक वक्त्यांनी त्यांचे किती पेपर छापले गेले, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती हे सांगितले. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडल्या. सत्कारमूर्तींच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटे आली आणि ती आभारातच संपली. पुढच्या रांगांत अकरावी-बारावीच्या मुली बसल्या होत्या. या माणसाने नेमके काय शोधले, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

आकडे खोटे नसतात, पण ते काय मोजतात हे समजून घ्यायला हवे. एखाद्या पेपरचा दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये संदर्भ दिला की एक सायटेशन झाले. एच-इंडेक्स ही २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेली मोजणी. ज्याच्या किमान २० पेपरना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळालेत, पण २१ पेपरना २१ नाहीत, त्याचा एच-इंडेक्स २०. एखाद्याच्या कामाची किती चर्चा झाली याचा अंदाज यातून येतो. ते काम काय होते, हे मात्र यातून कळत नाही. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक संदर्भ मिळालेला पेपर १९५१ सालचा आहे. प्रथिनांचे प्रमाण मोजायची एक सोयीची पद्धत त्यात दिली आहे आणि त्याला ३ लाखांहून अधिक संदर्भ मिळालेत. डीएनएची रचना सांगणारा १९५३ सालचा पेपर ‘नेचर’ने २०१४ साली केलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत बसलाच नाही. म्हणून डीएनएचा शोध लहान ठरतो का?

रोगप्रतिकारशास्त्रातलेच आपल्या देशातले उदाहरण घेऊ. डॉ. इंदिरा नाथ. दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी दीर्घकाळ कुष्ठरोगावर काम केले. त्यांचा प्रश्न साधा आणि अवघड होता. जंतू एकच, मग काही रुग्णांत तो दोन-चार चट्ट्यांवर थांबतो आणि काहींच्या अंगभर का पसरतो? ज्यांच्या अंगभर पसरतो त्यांच्या टी-पेशी इतर जंतूंशी लढतात, या एका जंतूपुढे मात्र गप्प बसतात. हे गप्प बसणे समजून घेणे, आणि रुग्णाला अचानक येणाऱ्या ‘रिअ‍ॅक्शन’मध्ये नसांची हानी कशी होते ते शोधणे, हे त्यांचे काम. हातापायांच्या ज्या विकृतीमुळे माणूस गावाबाहेर गेला, तिच्या मुळाशी ही नसांची हानीच असते. १९९९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००२ साली लॉरिआल-युनेस्कोचा महिला शास्त्रज्ञांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ साली त्या गेल्या.

आता विचार करा. कुष्ठरोग हा गरिबांचा आजार. श्रीमंत देशांत तो जवळपास उरलेला नाही, म्हणून तिथल्या प्रयोगशाळांना त्यात रस कमी. शिवाय हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही, त्यामुळे काम संथ. कर्करोगाच्या पेपरला संदर्भ देणारे जगभर हजारो, कुष्ठरोगाच्या पेपरला मूठभर. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. आपली तरुण मुलगी केवळ सायटेशन बघून विषय निवडू लागली, तर आपल्याच दारातला आजार ती निवडेल का?

आणि परिणाम फक्त पेपरमध्ये दिसतो असेही नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने स्त्रीला कोर्टातून विवाह संपवण्याचा हक्क दिला. काळाच्या मानाने ती मोठी सुधारणा होती. पण त्या कायद्यात नवऱ्याला कुष्ठरोग असणे हे एक कारण होते. हिंदू, ख्रिस्ती आणि विशेष विवाह कायद्यांतही हा आजार घटस्फोटाचे कारण होता. १९८० च्या दशकात बहुऔषधी उपचार आले आणि हा आजार पूर्ण बरा होऊ लागला. तरी कायद्यातला शब्द तसाच राहिला. विधी आयोगाने २०१५ साली हा भेदभाव काढायला सांगितले आणि २०१९ साली संसदेने या सगळ्या कायद्यांतून ते कारण वगळले. डॉक्टर, संशोधक, कार्यकर्ते आणि स्वतः रुग्ण यांच्या कितीतरी वर्षांच्या कामाचे हे फळ. हा बदल कोणाच्याही एच-इंडेक्समध्ये मोजला जात नाही.

आकड्याच्या मागे लागण्याचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके, काम न करता यादीत घातलेले नाव, ‘तू माझा संदर्भ दे, मी तुझा देतो’ असा व्यवहार, हे सगळे नोकरी आणि बढतीच्या गणितातून वाढते. २ टक्क्यांची यादी करणारे स्वतःच स्वतःला दिलेल्या संदर्भांचा हिशेब वेगळा दाखवतात. आपण बातमी पुढे पाठवताना तो रकाना बघत नाही. समाज म्हणून आपण फक्त आकड्यावर टाळ्या वाजवल्या, तर प्रामाणिक संशोधक मागे पडतो आणि आपल्या मुलांपुढे चुकीचा आदर्श जातो.

आपल्याकडे शिकलेल्यांचे कौतुक व्हायलाच हवे. उच्च शिक्षणात आपली संख्या कमी आहे, म्हणून प्रत्येक नावाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच की पुढच्या सत्कारात भाषणे दोन करा आणि अर्धा तास सत्कारमूर्तींना द्या. त्यांना मराठीत किंवा उर्दूत विचारा: तुमचा प्रश्न कोणता होता? तो कोणाच्या दुखण्याशी जोडलेला आहे? कुठे चुकलात आणि ते कसे कळले? मग पुढच्या रांगेतल्या मुलींना बोलू द्या.

त्यांचे प्रश्न संपेपर्यंत ट्रॉफी टेबलावर राहिली तरी काही बिघडत नाही.