आधी मोजपट्टी तपासा!



‘आमच्या वेळी असं नव्हतं हो!’ हे वाक्य घरात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत आपण सगळ्यांनीच ऐकलंय. त्यामागून येणारी यादीसुद्धा आता पाठ झालीय. फाटक्या जीन्स, तोकडे टॉप, पोरापोरींचं एकत्र हिंडणं, रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाईल... आणि शेवटी तो ठेवणीतला उसासा, ‘काय ही आजची पिढी!’

आता खरं सांगायचं तर या यादीत खोटं काहीच नाही. कपडे बदललेत, बोलणं बदललंय, प्रेमात पडायच्या पद्धतीही बदलल्यात. पण आपण इंजिनिअरिंगवाले. वर्कशॉपमध्ये व्हर्नियर हातात दिला की पहिल्यांदा झीरो एरर बघायला शिकवतात. आधी मोजायचं साधन तपासा, मग जॉब मोजा. सभ्यतेच्या बाबतीत मात्र आपण साधन तपासतच नाही, थेट जॉब मोजायला घेतो. आणि गंमत म्हणजे जॉब नेहमी मुलीचाच असतो!

आपल्या नऊवारीचंच घ्या ना. काष्टा घातला की पोटऱ्या दिसतात. शेतात लावणी करताना, कोळीवाड्यात टोपली घेऊन चालताना तो वर खोचलेला असतो, कारण त्याशिवाय काम होत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत तीच नऊवारी नेसून, गॉगल लावून मुली बुलेटवर निघतात, तेव्हा आपण कौतुकाने फोटो काढतो. त्याच पोटऱ्या थ्री-फोर्थमधून दिसल्या की मात्र ‘शोभतं का हे?’ साडीतून दिसणारी कंबर ती संस्कृती, आणि टॉप जरा वर सरकला की विकृती? म्हणजे शरीर तेच, दिसतंयही तेवढंच. फरक आहे तो बघणाऱ्याच्या सवयीत. आणि सवय बदलते. पंजाबी ड्रेससुद्धा एके काळी महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ‘फॅशन’ म्हणून नाकं मुरडण्याचा विषय होता. आज कॉलेजं ‘सभ्य पोशाख’ म्हणून तोच सुचवतात!

बरं, ‘आमची वेळ’ नेमकी कुठली हेही कुणी सांगत नाही. रमाबाई रानडे लिहायला वाचायला शिकत होत्या तेव्हा घरातल्याच बायका त्यांना टोचून बोलायच्या. त्यांनी ते ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवलंय, पुस्तक १९१० चं. म्हणजे त्या वेळी बाईच्या हातातलं पुस्तक हीच मर्यादा सोडल्याची खूण होती. १९२७ साली र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि कामजीवन, संततिनियमन यांवर उघडपणे लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज त्याच कर्व्यांना आपण ‘काळाच्या पुढचे’ म्हणतो. काळ आपल्या पुढे असतो तेव्हा मात्र आपण त्याला ‘थिल्लर’ म्हणतो!

आता कॉलेजच्या गेटवर येऊ. २००५ साली तामिळनाडूत अण्णा विद्यापीठाने इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये जीन्स, टी-शर्टवर बंदी घातली तेव्हा देशभर चर्चा झाली होती. त्यानंतर कितीतरी ठिकाणी असे ड्रेस कोड आले नि गेले. २०२४ साली चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने हिजाब, बुरखा, टोपी यांवर बंदी घातली, आणि पाठोपाठ फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाने जूनमध्ये हिजाबबंदीविरुद्धची याचिका फेटाळली, आणि ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅज यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. कायद्याचा कीस वकील काढतील. मला त्यात दिसलं ते एवढंच, की एकीने डोकं झाकलं म्हणून ती गेटवर अडली, दुसरी गुडघा दिसला म्हणून अडली. मग मुलीने नेमकं किती झाकायचं? एकदा आकडा तरी सांगा, टॉलरन्ससकट!

याचा अर्थ नियमच नकोत असा नाही हं. लेथवर काम करताना ओढणी चालत नाही, केस मोकळे चालत नाहीत, सैल बाह्या चालत नाहीत. मुलांच्या हातातलं कडं आणि पायातली चप्पलही चालत नाही. याविरुद्ध कुणी मोर्चा काढलाय? नाही. कारण नियमामागचं कारण चकमध्ये डोळ्यांसमोर गरगर फिरत असतं, आणि नियम सगळ्यांना सारखा असतो. हीच खरी कसोटी. नियमाला कारण सांगता आलं पाहिजे आणि तो सर्वांना लागू झाला पाहिजे. ‘मुलींचे कपडे बघून मुलांचं लक्ष विचलित होतं’ हे कारण या कसोटीला उतरत नाही. लक्ष ज्याचं विचलित होतं, उपाय त्याच्यावर करायचा की दुसऱ्यावर?

कपड्यांपेक्षा मोठा घोटाळा आहे तो प्रेमप्रकरणांचा. आपली भाषाच बघा. पूर्वी ‘भानगड’, मग ‘लफडं’, मग ‘अफेअर’ आणि आता ‘रिलेशनशिप’. शब्द सुधारत गेले, पण क्रियापद अजून तेच आहे, ‘पटवली’! त्याने तिला पटवली. ‘तिने त्याला पटवला’ असं कट्ट्यावर कितीदा ऐकलंत? पुन्हा पटवणारा हिरो ठरतो आणि पटलेली ‘तसली’. ब्रेकअप झालं की त्याला चहा पाजून मित्र म्हणतात, ‘जाऊ दे भावा, दुसरी मिळेल.’ तिच्याबद्दल मात्र चार हॉस्टेलांत चर्चा.

ही चर्चा म्हणजे नुसता टाइमपास नसतो. एखाद्या चॅटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो, तिथून गावातल्या कुणाच्या तरी चुलतभावाकडे जातो, आणि आठवड्याभरात बाबा हॉस्टेलच्या दारात उभे असतात. सहावं सेमिस्टर अर्धवट, सामान टेम्पोत, आणि सुट्टीत ‘पाहुणे बघायला येणार’. त्याच चॅटमधल्या मुलाला घरी फार तर शिव्या बसतात. तो एटीकेटी सोडवत डिग्री घेतोच! एका स्क्रीनशॉटची किंमत एकीला पूर्ण करिअर आणि दुसऱ्याला एक लेक्चर. आता सांगा, मर्यादा कुणी सोडली? चॅट करणारीने, की ते फॉरवर्ड करणाऱ्याने?

आईबाबांची भीती खोटी नसते, हे मला मान्य आहे. परभणी-धुळ्याकडून लेकीला एकटीला शहरात पाठवायचं तर काळजात धस्स होणारच. पण त्या भीतीचं उत्तर आपण काय काढलं? मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद! प्रोजेक्ट पार्टनर लॅबमध्ये रात्री अकरापर्यंत सर्किट जोडतोय आणि ही रूमवर बसून व्हॉट्सअॅपवर फोटो मागतेय. व्हायवाला मात्र दोघांना प्रश्न सारखेच. वास्तविक सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असं यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. पण नियमावली फाइलमध्ये राहते आणि कुलूप गेटवर.

आता जरा आपल्या आपल्यात. कारण सगळं खापर मोठ्यांवर फोडणं सोपं आहे. सलवार-कमीज घालून, तेल लावून वेणी घालणारी मुलगी आली की तिला ‘काकूबाई’ कोण म्हणतं? आपणच. ‘तुझं अजून कुणी नाही?’ असं विचारून एखाद्याला खजील कोण करतं? आपणच. पूर्वी गाव सांगायचं झाक, आता ग्रुप सांगतो दाखव. दोन्हीकडे तिला काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं. मॉडर्न होणं म्हणजे मॉलमधली जीन्स नव्हे. तसं असतं तर जीन्स घालून मुलीच्या मागे मागे फिरणारा प्रत्येक जण मॉडर्न ठरला असता. कायद्याने त्याला २०१३ पासून वेगळं नाव दिलंय, पाठलाग, आणि तो गुन्हा आहे. सिनेमातला हिरो काहीही करो!

मग सभ्यतेची नवी मोजपट्टी कुठली? माझ्या मते ती कपड्याच्या लांबीत नाहीच. समोरच्याने ‘नाही’ म्हटल्यावर तुम्ही कसे वागता, यात आहे. विश्वासाने पाठवलेला फोटो ब्रेकअपनंतर तुमच्या मोबाईलमध्ये राहतो की डिलीट होतो, यात आहे. कुणाची गोष्ट तुमच्यापर्यंत आली तर ती तुमच्यापाशी थांबते का, यात आहे. ही पट्टी मुलांना आणि मुलींना सारखीच लागते. काकूबाईलाही लागते आणि शॉर्ट्सवालीलाही. झीरो एरर नाही!

येत्या स्टुडंट कौन्सिलच्या मीटिंगमध्ये दोन्ही हॉस्टेलांना एकच नियमपत्रक असावं, हा विषय मांडायचं आम्ही काही जणींनी ठरवलंय. मुलांनीही त्यावर सह्या केल्या तर बरं होईल. गेटची वेळ नऊ ठेवा नाहीतर अकरा, पण दोन्ही गेटांची एकच ठेवा. तोवर निदान पुढचा स्क्रीनशॉट आला की बोट जरा आवरा.

बघा, पटतंय का. (पटवत नाहीये हं, नुसतं सांगतेय!)

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल