घरची काटकसर आणि गावाचा हिशेब

उन्हाळा तोंडावर आला की गावोगावी शाळेच्या व चावडीच्या भिंतींवर पाणी वाचविण्याची वचने रंगविली जातात, मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात आणि ग्रामसभेत शपथ घेतली जाते. हेतू स्तुत्य आहे. परंतु भिंतीवरचा रंग वाळतो न वाळतो तोच नळ पूर्ववत वाहू लागतात, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. याचा दोष ग्रामस्थांच्या अज्ञानाला देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. पाणी का वाया जाते याची चौकशी न करता ते वाचविण्याचा उपदेश करणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

ही चौकशी केल्यास कारणे लवकरच हाती लागतात. अनेक गावांत नळाला पाणी एक दिवसाआड, तर कोठे चार दिवसांनी येते. वेळ निश्चित नसल्यामुळे लोक नळ उघडा ठेवून शेतावर जातात. पाणी आले की भांडे भरते आणि उरलेले अंगणातून गटाराला मिळते. उताराच्या आळीत नळांना तोट्याच नसतात. कोणी खड्डा खणून नळ खाली घेतो, कोणी थेट नळालाच विजेची मोटार जोडतो. परिणामी उंचावरील वस्तीत थेंबही पोहोचत नाही आणि तेथील स्त्रियांना हंडे घेऊन दूरच्या विहिरीची वाट धरावी लागते. त्यातच नवे पाणी आले म्हणजे कालचे ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याची चालही आढळते.

नासाडी किती होते, हे आकड्यांनी पटते. २०१९ साली घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास त्यानुसार २७५ लिटर मिळावयास हवेत. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा नळ अर्धा तास मोकळा वाहिला, तर १८० लिटर वाया जातात. म्हणजे वरच्या आळीतील एका कुटुंबाचा निम्म्याहून अधिक वाटा गटारात जातो. यासाठी प्रत्येक नळाला तोटी, प्रत्येक आळीला पाण्याची ठरलेली वेळ आणि मोटार लावणाऱ्यास सर्वांना सारखाच लागू होणारा दंड, या तीन गोष्टी घोषणांच्या आधी व्हावयास हव्यात. उद्या ठरल्या वेळी पाणी येणारच, असा भरवसा वाटला की आजचे पाणी कोणी ओतून देत नाही.

त्यानंतर घरातील सवयींकडे वळावे. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले व ओगराळ्याने घेतलेले पाणी एका रात्रीत बिघडत नाही, हे कार्यकर्त्यांनी घरोघर समजावून द्यावे. मात्र डेंग्यूच्या डासांची पैदास थांबविण्यासाठी आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळून रांजण व टाक्या घासून कोरड्या करणे आवश्यकच आहे. त्या दिवशी उरलेले पाणी परसातील झाडांना घालावे. मोरीचे सांडपाणी केळी, अळू, शेवगा यांच्या आळ्यांत फिरवावे. जागा नसेल तेथे पिण्याच्या विहिरीपासून दूर शोषखड्डा करावा. आळ्यात पाचट वा पालापाचोळा पसरून सायंकाळी पाणी दिल्यास ओल अधिक टिकते. जनावरे नळीखाली धुण्याऐवजी बादलीने धुतल्यास पाणी वाचते आणि गोठ्यात चिखलही होत नाही.

येथपर्यंतचा भाग बहुतेक कार्यक्रमांत कमीअधिक प्रमाणात असतो. जो नसतो, तोच अधिक महत्त्वाचा आहे. दोनशे कुटुंबांच्या गावाला वरील प्रमाणाने दिवसाला ५५,००० लिटर पाणी लागते. एका एकरास सहा सेंटिमीटर उंचीची एकच पाळी दिली, तर सुमारे २ लाख ४३ हजार लिटर खर्ची पडतात. म्हणजे साऱ्या गावाचे चार दिवसांहून अधिक दिवसांचे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वेगाडी गेली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. एक हेक्टर उसाची तेवढीच एक पाळी याहून अधिक, म्हणजे ६ लाख लिटर पाणी घेते. गावाची पेयजल विहीर आणि शेजारच्या शेतातील विहीर बहुधा एकाच भूजलावर जगतात. तेव्हा घरातील गृहिणीने तांब्या-तांब्या वाचवावा आणि तेच पाणी शेजारच्या कूपनलिकेने रात्रभर उपसावे, अशी स्थिती असेल, तर तिला केलेला उपदेश व्यर्थ तर आहेच, पण अन्यायाचाही आहे.

याचा अर्थ घरगुती काटकसर निरुपयोगी आहे असा नव्हे. उन्हाळ्यात विहिरीला थोडेच पाणी उरते, तेव्हा वाचलेली प्रत्येक घागर मोलाची असते. परंतु ती काटकसर गावाच्या एकूण हिशेबाशी जोडली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा मार्ग दाखविला आहे. तेथे पावसाळा संपल्यावर पडलेला पाऊस व उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची, ते ग्रामसभा ठरविते. सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचे बंधनही त्या गावाने स्वतःवर घातले. अशा गावात घरी वाचविलेले पाणी कोठे राहते, हे प्रत्येकास दिसते.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाणी बचतीचा कार्यक्रम उन्हाळ्यात न आरंभता पावसाळा संपताच हाती घ्यावा. पेयजल विहिरीची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजून चावडीच्या फलकावर लिहावी. तोट्या नसलेले नळ व गळक्या जोडण्या यांची आळीवार यादी करावी. पाणी ज्या वाहून आणतात, त्या स्त्रियांचे मत ग्रामसभेत प्रथम ऐकावे. आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी विहीरमालकांना त्याच सभेत बसवून, गावाच्या पिण्याचे पाणी राखून किती क्षेत्र भिजविता येईल, याचा निर्णय सर्वांसमक्ष करावा. असा निर्णय झाल्यावर भिंतीवर लिहावयाचे असेल, तर त्या वर्षीचा ताळेबंदच लिहावा.