मागचे नाव घासून देऊ का?

परदेशांत धर्मादाय संस्था जुन्या वस्तूंची दुकाने चालवतात आणि हौशी मंडळी तिथे घड्याळे हुडकत हिंडतात. वर्ध्यात तशी दुकाने नाहीत. आपल्याकडे जुनी वस्तू आधी धाकट्या भावाकडे जाते, मग गड्याकडे, आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. घड्याळाचा अखेरचा मुक्काम मात्र बहुधा दुरुस्ती करणाऱ्याच्या खणात असतो: 'नंतर नेतो' म्हणून ठेवलेले आणि कधीच न नेलेले. हे खण उपसण्याचा नाद आम्हांसही आहे. तेव्हा पुढील तक्रार घरचीच समजावी.

या खणांत अधिक करून आढळते ते एच.एम.टी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला तिचा घड्याळांचा कारखाना निघाला. चावीचे साधे 'जनता' कुणाला लग्नात मिळाले, कुणाला निवृत्तीच्या निरोपसमारंभात. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि संग्राहकांची नजर या खणांकडे वळली. मग डायल रंगवणे फोफावले. मूळ डायल खरवडायची, तिच्यावर भडक निळा-तांबडा रंग चढवायचा, वर नवी अक्षरे छापायची. जगभरचे जाणकार असल्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. तरीही तो खपतो, कारण चकचकीतपणालाच आपण जतन समजतो.

५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचे झेनिथचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट १८ लाख डॉलरला गेले. घेणारे विजय मल्ल्या! (दारूबंदीच्या आमच्या जिल्ह्यात यावर अधिक भाष्य नको.) ही किंमत चांदीची नव्हती, स्वित्झर्लंडच्या कारागिरीचीही नव्हती, वापरणारा कोण हे ठाऊक होते, म्हणून ती आली. मग सेलूच्या एखाद्या पोस्टमास्तरांच्या 'जनता'ला हा न्याय का नसावा? पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून अडकित्ते आणि दिवे गोळा केले आणि १९७५ साली तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. हाताळून झिजलेल्या घरगुती वस्तूलाही त्यांनी संग्रहालयात मान दिला. आजचा संग्राहक ती झीजच आधी पुसतो.

निरोपाच्या घड्याळामागे बहुधा नाव, खाते आणि तारीख कोरलेली असते. कारागीर विचारतो, "मागचं नाव घासून देऊ का?" आम्ही नको म्हणतो. तो चकित होतो आणि नाव राहिले म्हणून वीस रुपये कमी घेतो.