बांबू कोणाचा होता राव?

शनिवारी एका मित्राशी जाम वाजलं. तो म्हणे, "बल्लारपूरची पेपर मिल नसती तर चंद्रपूरला कोण विचारत होतं?"

मान्य! १९४५ साली कंपनी स्थापन झाली, वर्धा नदीचं पाणी आणि आजूबाजूचा बांबू बघूनच ती तिथे आली. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. पण बांबू कोणाचा होता राव?

वनस्पतीशास्त्रात बांबू म्हणजे गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र २०१७ पर्यंत तो चक्क 'झाड' होता! म्हणजे खात्याचा. मिलला तो लीजवर, सवलतीत. जंगलातल्या गोंडाने विकायला तोडला की गुन्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला जंगलावर सामूहिक हक्कही मिळाला. तरी वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडायला एप्रिल २०११ उजाडलं, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा (एका गवतासाठी!). त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला आणि कमाई कोटीच्या घरात गेली.

मित्र अजून म्हणतोय, मिलने रोजगार दिला. दिला की! पण एवढी वर्षं गावांनी मिलला काय दिलं, तो हिशोब कधी मांडणार?