पाठीवर लघु, पोटात गुरु

न्हावा शेवा परिसरातील तरुण सुट्टीत दोन-तीन दिवस सह्याद्रीत भटकंतीस जातात आणि ‘वजनास हलके, ताकदीस भारी’ असे काही द्या, म्हणून आमच्याकडे येतात. काही औषधविक्रेते बंधू त्यांच्या हाती च्यवनप्राशाची बरणी देतात. हे आम्हांस पटत नाही. रसायन म्हणजे शिधा नव्हे. (बरणीचे ओझे वेगळेच!) एक ग्रॅम स्नेहातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, साखरेतून ४, म्हणून तूप-गूळ-शेंगदाण्याचा लाडू श्रेष्ठ. मात्र पाठीवर लघु ते पोटात गुरु. चरकाचार्यांनी गुरु अन्न तृतीयांश वा अर्ध्या तृप्तीपर्यंतच सेवावे असे सांगितले आहे. चढणीपूर्वी चार लाडू खाऊन वांतीने बेजार झालेला रुग्ण आम्ही पाहिला आहे. अर्धा अर्धा लाडू थोड्या थोड्या अंतराने, वर पाणी, आणि रात्री मेतकूट घालून तांदळाची पेज, एवढेच लिहून द्यावे.