विश्रांती की शिक्षा?

राष्ट्रीय संघाची यादी जाहीर होते, तेव्हा निवड समितीच्या न्यायबुद्धीचीही परीक्षा होत असते. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉक येथे धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई क्रीडास्पर्धेतील हॉकीचे सुवर्णपदक ३२ वर्षांनी पुन्हा जिंकले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या या खेळाडूचा पुण्याला अभिमान वाटणे स्वाभाविकच होते. परंतु त्यानंतर निवडलेल्या संघातून पिल्ले व अन्य सहा ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. त्यांना ‘विश्रांती’ दिल्याचे सांगण्यात आले. मानधन न मिळाल्याबद्दल खेळाडूंनी तक्रार केली होती. तिचीच ही शिक्षा, असा सार्वत्रिक समज झाला.

नवोदितांना वाव मिळालाच पाहिजे, आणि त्यासाठी ज्येष्ठांना कधीतरी बाजूला व्हावेच लागते. परंतु नापास झालेल्या विद्यार्थ्यालासुद्धा गुणपत्रिका मिळते. देशासाठी घाम गाळणाऱ्याची मात्र मोघम सबबीवर बोळवण व्हावी, हे न्याय्य नव्हे. संघाच्या यादीबरोबर निवडीचे निकषही प्रसिद्ध झाले पाहिजेत. एरवी हक्काचे मागणारा प्रत्येक खेळाडू पुढच्या यादीच्या धास्तीने मूग गिळून बसेल, आणि त्यात हानी खेळाचीच होईल.